विद्यार्थी भीमरावांचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्याला नवे नाही. दरवर्षी एप्रिल महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात ते व्याख्यानांतून ऐकू येते. महाडचे तळे, नाशिकचे मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी असे टप्पे घेत वक्ता तासाभरात पुढे जातो. त्यांच्या तसबिरीखाली पदव्यांची ओळ छापलेली असते: एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अॅट-लॉ. ती आपण कौतुकाने वाचतो. पण या प्रत्येक पदवीमागे फीची पावती होती, बोटीचे भाडे होते, खोलीचे भाडे होते, आणि त्यातला बहुतेक पैसा दुसऱ्याचा होता, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे की काय, माझे लक्ष नेमके तिथेच गेले.

आणखीही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकते. पंतनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गेली दोन वर्षे महिन्याची पाच तारीख ही सणवारापेक्षा जास्त लक्षात राहते. त्या दिवशी दादाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचा हप्ता बँकेत वळता होतो. यंदा माझे बी. ए. पूर्ण होईल. मला पुढे कायदा शिकायचा आहे, आणि त्यासाठी घरात दुसरे कर्ज काढावे की नाही यावर रोज रात्री जेवताना चर्चा चालते. अशा मनःस्थितीत मी ग्रंथालयातून धनंजय कीरांचे चरित्र आणि खैरमोड्यांचे खंड आणले आणि केवळ जमाखर्च शोधत वाचले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिले कर्ज वडिलांनी काढले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा ५० रुपये निवृत्तिवेतन होते. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार, तीच स्वयंपाकाची जागा, तीच निजण्याची आणि तीच अभ्यासाची. थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले, म्हणजे एका भावाचे शिक्षण थांबले तेव्हा दुसऱ्याचे चालू राहिले. भीमरावांना पुस्तकांचे वेड लहानपणापासून, आणि तीही शाळेत नेमलेली नव्हेत, भलतीच. रामजींजवळ पैसे नसत. मग ते आपल्या विवाहित मुलींकडे जात. एकीकडे रोख मिळाली तर ठीक, नाहीतर दुसरीचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण टाकीत, पुस्तक आणीत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की तोच दागिना सोडवून मुलीला परत नेऊन देत. मंजुळा आणि तुळसा या त्या दोन बहिणी.

ही गोष्ट आपण वडिलांच्या प्रेमाची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण जरा हिशेबी नजरेने पाहावे. कर्ज कशासाठी ते ठरलेले, रक्कम त्या वस्तूपुरतीच, तारण ठरलेले, फेडीचा दिवस ठरलेला आणि फेडीचा पैसा कुठून येणार तेही ठरलेले. शिवाय दागिना परत गेल्याखेरीज पुन्हा मागायला तोंड नाही. बँकेच्या छापील अर्जात चार पाने खर्च करून जे विचारतात ते सर्व या व्यवहारात होते. रामजी कबीरपंथी होते, दारूला शिवत नसत, पहाटे दोनला उठून मुलाला अभ्यासाला बसवीत. हिशेबाची शिस्त त्यांना पलटणीत लागली की पंथात, कुणास ठाऊक. मुलाला मात्र ती घरातच मिळाली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. चाळीत सत्कार झाला, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. हे केळुसकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला आधीपासून ओळखत होते. पुढे रामजींची ऐपत संपली तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक म्यूलर त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. २५ रुपयांत फी, पुस्तके आणि घराला हातभार एवढे भागवायचे होते. मधल्या काळात भायखळ्याच्या बाजारात, रात्री गाळे मोकळे झाल्यावर, त्यांचे रमाबाईंशी लग्न झालेले होते. लग्नमंडपाचा खर्च असा वाचवलेला मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

बी. ए. झाल्यावर ते जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनावर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचले ते शेवटच्या भेटीपुरते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. ज्याने दागिने गहाण टाकून शिकवले त्या बापाला मुलाच्या पगाराची मिठाई मिळाली नाही.

त्यानंतरचे कर्ज मोठे आहे. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते, त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारच्या करारावर सही केली. अट अशी की शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. आपण याला शिष्यवृत्ती म्हणतो, पण करार वाचला तर हे कर्जच होते. फरक इतका की ते पैशांत न फेडता नोकरीच्या वर्षांत फेडायचे होते. तेव्हा पौंडाचा भाव १५ रुपये होता, म्हणजे दरमहा १७२ रुपये ८ आणे. परळच्या चाळीला ही रक्कम डोंगराएवढी वाटली असेल, पण न्यूयॉर्क शहराला ती काहीच नव्हती. शिवाय त्यातूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे होते.

कोलंबिया विद्यापीठातले पहिले काही महिने त्यांनी इतर मुलांसारखे मजेत घालवले असे चरित्रकार नमूद करतात. मला हे वाचून बरे वाटले. पुढे एका रात्री त्यांनी मनाशी काही ठरवले आणि त्यानंतर नाटक-सिनेमा नाही, फिरणे नाही. जेवण म्हणजे कॉफी, दोन मफिन आणि थोडे मासे किंवा मटण. दिवसाचे बहुतेक तास ग्रंथालयात. १९१५ साली एम. ए. झाले, मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, आणि त्याच वर्षी पीएच. डी.चा प्रबंधही सादर केला. पोटाला चिमटा घेणारा हा विद्यार्थी पुस्तकांच्या बाबतीत मात्र हात आखडत नसे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० ग्रंथ जमवले. काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक पाठ्यपुस्तकाने मला नीट समजावला नव्हता, तो इथे समजला. खर्च कमी करणे हा त्यांचा हेतूच नव्हता. एका ठिकाणचा खर्च तोडून तो दुसऱ्या ठिकाणी करायचा, आणि ते दुसरे ठिकाण कोणते हे आधी ठरलेले असायचे.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. तेवढ्यात मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. विद्यापीठाने एवढी सवलत दिली की चार वर्षांच्या आत परत आल्यास अर्धवट अभ्यास पुढे चालू करता येईल. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण यापुढची सर्व धडपड त्या चार वर्षांच्या चौकटीत आहे.

महायुद्ध चालू होते. पुस्तके ज्या बोटीने पाठवली ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. स्वतः भीमराव २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला सुखरूप पोचले, पण खिशात बडोद्याच्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते. हरवलेल्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये आले, त्यांतले काही घरी ठेवून उरलेल्या पैशांवर ते बडोद्याला गेले. म्हणजे ज्या ग्रंथांसाठी पोट मारले ते समुद्रात गेले, आणि त्यांच्या भरपाईतून कराराची फेड करायला जाण्याचे भाडे निघाले.

बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. महाराजांनी त्यांना लष्करी चिटणीस नेमले. कचेरीत शिपाई फाइली टेबलावर लांबून फेकीत. राहायला हिंदू खाणावळीत जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया भाड्याने, पारशी नावाखाली राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. संस्थानचा हा अधिकारी कामाठीबागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

कर्जफेडीच्या दृष्टीने पाहिले तर इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. ऋणको स्वतःच्या पायांनी फेड करायला गेला होता. दहा वर्षांतला प्रत्येक दिवस तो द्यायला तयार होता. पण सावकाराच्या गावात त्याला पथारी टाकायला चार हात जागा मिळेना. करारात नोकरीची मुदत होती, पगार होता. ही नोकरी करणारा माणूस राहणार कुठे, याविषयी त्यात काहीच नव्हते. कर्ज बुडते ते नेहमी ऋणकोच्या दोषाने असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात गृहीत धरतो. या उदाहरणाला कोणत्या सदरात घालायचे ते आमच्या सरांनी सांगावे.

मुंबईत परत आल्यावर उत्पन्न शून्य, अंगावर बडोद्याचा करार, घरात माणसे, आणि लंडनच्या चार वर्षांची मुदत चालू झालेली. न्यूयॉर्कचे वसतिगृहातले मित्र नवल भथेना यांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या मिळवून दिल्या. भीमरावांनी शेअर-दलालांना सल्ला देण्याची एक पेढीही काढली. ती बरी चालू लागली होती, पण सल्लागाराची जात समजताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. कोलंबियाच्या पंडिताचा शेअरबाजारावरचा सल्लाही विटाळतो, हे मुंबईच्या व्यापारी शहाणपणाला शोभले नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी हा पगार बंगला घेऊन राहण्याजोगा होता. भीमराव मात्र परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच, दोन लहान खोल्यांत राहिले. कपडे दोन-चार. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती, काही शिक्षणासाठी बाजूला.

त्या ठरावीक रकमेची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रमाबाई महिन्याच्या पैशांच्या तीस पुड्या बांधून ठेवीत अशी आठवण सांगितली जाते. रोज एक पुडी सोडायची, त्या दिवसाचा खर्च त्यात भागवायचा, उद्याच्या पुडीला हात लावायचा नाही. शाळेत न गेलेल्या या बाईने अंदाजपत्रक नावाची गोष्ट डब्यात घालून फळीवर ठेवली होती. आज आपण वडापाव, रिक्षा, झेरॉक्स सगळ्याचे पैसे फोनवरून देतो. पैसा हातातून जाताना दिसत नाही आणि महिनाअखेरीला गेला कुठे ते आठवत नाही. पुडी सुटताना आणि रिकामी होताना डोळ्यांना दिसते. मुलुंडहून येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने हा प्रयोग पाकिटे करून दोन महिने केला. लोकलचा पास, कॅन्टीन, पुस्तके अशी वेगळी पाकिटे. तिचे म्हणणे असे की पैसे फार वाचले नाहीत, पण कॅन्टीनचे पाकीट वीस तारखेला संपते हे प्रथमच कळले. घाटकोपरला महामार्गाच्या कडेला ज्यांच्या नावाची वस्ती आहे त्या रमाबाई या. पती परदेशी असताना शेणी थापून त्यांनी घर चालवले. पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंत वाचले. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या हिशेबात ही रक्कम कोणत्या बाजूला मांडायची ते मला ठरवता आलेले नाही, आणि ती मांडल्याशिवाय तो हिशेब जुळतही नाही.

इथे जरा विषयांतर करते. या पुड्यांच्या गोष्टीनंतर मी दादाच्या कर्जाचे कागद घेऊन बसले. आकडे घरचे न देता सोपे करून देते, कारण वर्गातल्या बऱ्याच जणांना पुढच्या वर्षी याच वाटेने जायचे आहे. समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी एक लाख याप्रमाणे ४ लाख कर्ज घेतले, व्याज साडेदहा टक्के, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. ही सूट म्हणजे बँकेने दिलेली सुट्टी असा आपला समज असतो. हप्त्याला सुट्टी असते, व्याजाला नसते. सरळव्याजाने धरले तरी पाच वर्षांत १ लाख ४७ हजार रुपये चढतात आणि फेडायला आपण बसतो ते ५ लाख ४७ हजारांपासून. सात वर्षांच्या मुदतीला हप्ता सव्वानऊ हजारांच्या आसपास येतो. तेच जर शिकत असताना केवळ व्याज भरत गेलो, पहिल्या वर्षी महिना ८७५ रुपये, दुसऱ्या वर्षी १७५०, याप्रमाणे, तर शेवटी ४ लाखच उरतात आणि हप्ता पावणेसात हजारांच्या आत राहतो. त्यावर महिना एक हजार जास्त भरले तर सात वर्षांचे कर्ज पंधरा महिने आधी फिटते. शिकत असताना व्याज भरणे प्रत्येक घराला जमेल असे नाही. आमच्या घराला जमले नसते. पण पहिल्या वर्षाचे ८७५ रुपये म्हणजे रोजचे एकोणतीस रुपये, दोन वडापाव न् एक चहा, हे आधी कुणी मांडून दाखवले असते तर निदान त्यावर घरात चर्चा झाली असती. असो.

मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅम सोडले. नोव्हेंबर १९१८ पासून सोळा महिन्यांचा सगळा पगार न खर्चता ठेवला असता तरी ७२०० रुपये झाले असते, आणि त्यातून घर चालवायचे होते, म्हणजे शिल्लक किती अपुरी असेल याचा अंदाज यावा. उरलेली भर दोघांनी घातली. कोल्हापूरचे शाहू महाराज परळच्या चाळीत येऊन भेटून गेले होते. जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या मूकनायक पत्राला त्यांनी अडीच हजार दिले होते, आता शिक्षणालाही मदत दिली. नवल भथेनांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. या पारशी मित्राचे नाव चरित्रांत एखाद्या ओळीपुरते येते, ते मला कमी वाटते. आपल्या बरोबरीच्या, नुकत्याच नोकरीतून मोकळ्या झालेल्या मित्राला ५००० रुपये देणे आणि पुढेही लंडनहून पत्र आले की पैसे पाठवणे, हे राजेरजवाड्यांच्या देणगीपेक्षा अवघड आहे. त्याला खजिना नसतो.

जुलै १९२० मध्ये भीमराव बोटीत बसले. लंडनमध्ये सकाळी घरमालकिणीकडचा पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, मासळीचा लहानसा तुकडा आणि बोव्हरिलचा पेला. मग चालत ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय. दुपारचे जेवण नाही. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेल्या पापडांतले चार पत्र्याच्या तुकड्यावर भाजून, कपभर दुधाबरोबर. जेवणाचा वेळ वाचतो म्हणून वाचन जास्त होते, असे त्याचे मोठेपण गाऊ नये असे मला वाटते. उपाशी पोटाचे परिणाम पुढे त्यांच्या प्रकृतीने भोगले.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खास लक्ष द्यावे अशी जागा आली. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव युद्धोत्तर तेजीत दोन शिलिंगांच्याही वर गेला होता आणि सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा घाट घातला. तो सप्टेंबरपर्यंत फसला, आणि १९२१ च्या सुरुवातीस रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. भथेनांच्या ५००० रुपयांचेच उदाहरण घेऊ. दोन शिलिंगांच्या भावाने त्यांचे ५०० पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने ३३३. रुपये तेवढेच, कर्ज तेवढेच, पण लंडनमधले कित्येक महिने त्यातून नाहीसे झाले. ज्या विद्यार्थ्याच्या खिशात ही घसरण घडत होती तोच विद्यार्थी त्या वेळी रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी.चा प्रबंध लिहीत होता. द प्रॉब्लेम ऑफ द रुपी हा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात आहे. विनिमयाचा भाव कोसळल्याने कुणाकुणाची होरपळ होते याचे विवेचन वाचताना लेखक रोज सकाळी काय खात होता ते आठवावे, एवढेच सुचवते.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. देणगी मागितली नाही. कर्ज मागितले, आणि परत आल्यावर सात टक्के व्याजासह फेडीन असे स्वतःहून कळवले. महाराज दानशूर होते, व्याजाचा शब्द त्यांनी कधी काढला नसता, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणारच. तरीही त्याने दर घातला. सुरतेला मिठाई घेण्यासाठी उतरणारा मुलगा आणि हा सात टक्के लिहिणारा तरुण यांच्यामध्ये आठ वर्षे गेली होती.

१९२१ मध्ये एम. एस्सी., नंतर बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. एप्रिल १९२३ मध्ये ते परतले. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच मदतीला आले. अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार लवकर येत नसत. १९२५ पासून बाटलीबॉयच्या अकाउन्टन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायद्याचे तास घेत. परीक्षकाचे काम, शिकवण्या असे मिळेल ते करून संसार चालला. याच काळात बडोदे सरकारकडून शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणी आली. नोकरी केली नाही, तेव्हा रक्कम परत करावी, असा संस्थानच्या कचेरीचा सरळ हिशेब. कागदावर तो बरोबरच होता. त्यांनी ऋण नाकारले नाही, आपली बाजू आणि अडचण कळवली. बरीच वर्षे कागद फिरत राहिले आणि अखेर महाराजांच्या सरकारने ते येणे सोडून दिले.

या तगाद्याच्या काळातच, १९२५ साली, कोलंबियाचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने छापून निघाला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेविषयीचा. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना शिक्षणातल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. कचेरीचे तगादे आणि महाराजांचे उपकार ही दोन खाती त्यांनी एकत्र मिसळली नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्याआधीच आईवडिलांना अर्पण झालेला होता. दागिने गहाण पडले होते ते त्यांच्याच घरात.

पुढे हात थोडा सैल झाल्यावर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, त्यात माणसांपेक्षा पुस्तकांची सोय आधी. भाड्याने देण्यासाठी चार मिनार नावाची दुसरी इमारत होती. ती १९४१ साली विकली, देणी भागवण्यासाठी आणि नवी पुस्तके घेण्यासाठी. पन्नाशीच्या प्रसिद्ध बॅरिस्टराचे देणे संपवून पुन्हा पुस्तकांच्या दुकानाकडे वळणे वाचून मला रामजी आठवले. फरक एवढाच की आता दागिना बहिणीचा नव्हता.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी सरकारकडून दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली, काही विद्यार्थी परदेशीही पाठवले गेले. १९४४ साली सुरू झालेली ही योजना म्हणजे आपल्यातले कितीतरी जण दरवर्षी महाडीबीटीवर जिचा अर्ज भरतात तीच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यावर परतफेडीची अट नाही, दहा वर्षांच्या नोकरीचा करार नाही. अशा अटीवर शिकलेल्या माणसाने ती मिळवून दिली आहे.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि २० जून १९४६ रोजी मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तास सकाळी लवकर ठेवले होते. विद्यार्थ्याने दहाच्या आत वर्ग संपवून नोकरीवर जावे, शिक्षणाचा खर्च त्याच दिवशी कमवावा, म्हणून. कल्याण-ठाण्याकडून आणि आपल्या उपनगरांतून पहाटेची गाडी पकडून मुले तिथे जात, आणि वर्ग सुटले की कोर्ट, गोदी, कचेऱ्यांकडे पांगत.